दोन पंचेचाळीसचा झेंडा

मी नुसती उभी होते. ओट्याला टेकून, हातात अर्धी निवडलेली मेथी, आणि मनगटावरचं घड्याळ थरथरलं. त्याच्या एवढ्याशा पडद्यावर आलं की तुम्ही दहा मिनिटं स्थिर आहात, हृदयाचे ठोके मात्र एकशे चोवीस आहेत, बरं वाटत नसेल तर बसून घ्या. आता घड्याळसुद्धा मला बस म्हणायला लागलं. झालं काय होतं, तर फोन वाजला होता. त्यावर उदयसिंह हे नाव होतं, म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ, सांगलीचा, आणि मी तो फोन वाजून वाजून बंद होऊ दिला होता. तीन वर्षं मी हेच करते. भाऊबीजेला वाजतो, राखीला वाजतो, आणि मधेच कधीतरी गुरुवारी असा उगाच वाजतो. मी त्याच्याकडे बघत राहते, तो गप्प होतो, मी मेथी निवडते. माझा समज होता की यात माझं काही बिघडत नाही. उचलला नाही, विषय संपला. पण घड्याळानं चोरी पकडली. हे घड्याळ माझ्या मुलीनं, साक्षीनं, पुण्याहून पाठवलं तेव्हा म्हणाली होती, "आई, आता तुला राग आला की निदान आकडा तरी कळेल." मी तिच्यावर चिडले होते. तेव्हा आकडा किती झाला होता कोण जाणे.

लोक म्हणतात, पळायला लागलं की मन शांत होतं. आमच्या रविवारी पळणाऱ्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी असलं काहीतरी टाकतं, उगवत्या सूर्याच्या फोटोवर पिवळ्या अक्षरांत, धावा आणि समाधानी राहा. समाधान म्हणे. मी पळायला लागले तीच रागानं. साताऱ्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवते, वय अठ्ठेचाळीस, आणि मुली मला टरकून असतात हे मला पक्कं माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी, आबा गेल्यानंतर, म्हणजे माझे वडील गेल्यानंतर, भावावरचा राग रोज सकाळी डब्याबरोबर पिशवीतून शाळेत यायचा आणि त्रैराशिक न जमलेल्या एखाद्या पोरीवर निघायचा. वड्याचं तेल वांग्यावर. एकदा सातवीतली एक मुलगी फळ्यापाशी खडू धरून उभी राहिली आणि तिचा हात थरथरायला लागला, तो थरथरताना खडूनं फळ्यावर बारीक टिंबं उठली. ती टिंबं मी पुसली नाहीत, शिपायानं पुसली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, बोगद्याच्या पुढं चालत गेले, आणि यवतेश्वराच्या घाटाला लागल्यावर पाय आपोआप पळायला लागले. दुसऱ्या वळणावर ओकले. कठड्याला धरून उभी राहिले, तोंड पुसलं, आणि लक्षात आलं की तेवढ्या चार मिनिटांत उदयसिंह डोक्यात आला नव्हता. म्हणून परत गेले. वर्षभरात अख्खा घाट एका दमात चढायला लागले. वरून सगळा सातारा दिसतो, समोर अजिंक्यतारा दिसतो, लोक फोटो काढतात. मी कधी काही बघितलं नाही. वर जायचं, घड्याळ बघायचं, वळायचं.

गेल्या वर्षी इथली डोंगरावरची अर्धी मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर, मी दोन तास सोळा मिनिटांत संपवली आणि वयोगटात दुसरी आले. पहिली का आले नाही म्हणून महिनाभर धुमसत होते. आमचा ग्रुप चालवतात जयराज सर. सर म्हणायचं एवढंच, एरवी माणूस एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता, पस्तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडायचं काम केलेला. ते सगळं बघत होते. या वर्षी त्यांनी मला पेसर केलं. पेसर म्हणजे पाठीला काठी बांधून झेंडा लावायचा, झेंड्यावर वेळ लिहिलेली असते, आणि ज्यांना तेवढ्या वेळात पोचायचं असतं ते तुमच्या मागं पळतात. या घोळक्याला सगळे बसच म्हणतात. माझी बस दोन पंचेचाळीसची. मला दोन सोळाला पोचता येतं, पण पोचायचं नाही. जवळजवळ अर्धा तास जास्त लावून सावकाश पळायचं. दोन चव्वेचाळीस ते दोन पंचेचाळीस, एवढ्या एका मिनिटात शेवटची दोरी ओलांडायची, आधी नाही आणि नंतर नाही. मी म्हटलं, सर, हे म्हणजे शिक्षाच झाली. ते म्हणाले, "बाई, पळता येतंय तुमाला, ते समद्यांनी बघितलंय. आता सोबत पळता येतंय का बघू." मला तो शब्द झोंबला. सोबत. म्हटलं, हा स्टँडवरचा माणूस मला शिकवणार.

माझ्या बसमधली पहिली प्रवासी मिस्बाह. शनिवार पेठेत तिचं शिवणकामाचं दुकान आहे, छत्तीस वर्षांची, बुटकी, भक्कम, पायांत भावाचे जुने बूट. पळताना घालायचा लांब कुडता आणि डोक्यावरचा घाम टिपणारा स्कार्फ तिनं स्वतःच बेतलेला. ग्रुपचे झेंडेही तीच शिवते. मागच्या तीन वर्षांत तिची वेळ दोन अठ्ठावन्न, दोन एक्कावन्न, दोन सत्तेचाळीस. तिला दोन पंचेचाळीसच्या आत यायचंय, आणि त्याला कारण आहे. तीन तासांचा झेंडा घ्यायचा तर आधी याच घाटात दोन पंचेचाळीसच्या आत आल्याचं प्रमाणपत्र लागतं. तिच्या दुकानात शिवण शिकायला येणाऱ्या आठ बायका पुढच्या वर्षी पहिल्यांदा पळणार आहेत, आणि त्यांनी सांगून टाकलंय की पुढं तू झेंडा घेऊन असशील तरच, नाहीतर आम्ही घाटात एकट्या मरणार नाही. एका संध्याकाळी माझ्या पाठीवर मापं घेत, तोंडात टाचण्या धरून ती म्हणाली, "मॅडम, मी रस्ता बघणार न्हाय, घड्याळ बघणार न्हाय. नुसता झेंडा बघणार. तो जिथं जाईल तिथं मी." मी हो म्हटलं. त्यात अवघड काय होतं. मी गणिताची बाई, चढाला किलोमीटरला आठ मिनिटं पन्नास, उताराला सहा पन्नास, सगळं कागदावर मांडून मनगटाला चिकटवलं होतं.

कुणाच्या तरी पाठीकडे बघत पळणं मला नवीन नव्हतं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात आबा रोज पहाटे उदयला पळायला न्यायचे, पोरगा भरतीत काढायचा म्हणून. कॅनॉलच्या कडेनं कृष्णेकाठच्या मळीच्या रानापर्यंत आणि परत. मला नाही न्यायचे. मी न्या म्हणाले होते, तर ते म्हणाले, "तू कुठल्या भरतीला जाणार हायेस?" ते काही रागानं म्हणाले नव्हते, हसत म्हणाले होते, त्याचाच मला जास्त राग आला. मग मी लांबून मागं पळायची. शंभर एक पावलं मागं, अनवाणी, परकराचा ओचा खोचून. आबांची पांढरी बंडी पुढं हलत असायची, शेजारी उदयचं लुकडं ध्यान. आबांनी कधी मागं वळून बघितलं नाही, पण ते उदयला जे सांगायचे ते मुद्दाम मोठ्यानं सांगायचे असं मला पुढं कैक वर्षं वाटत राहिलं. "दम पुरवून पळ. रागानं पळशील तर बांधापतुर जाशील. दम पुरवलास तर शिराळ्यापतुर जाशील." उदय भरतीत निघाला नाही, छाती भरली नाही त्याची. सांगलीत खताबियाण्याचं दुकान टाकलं. शिराळ्यापर्यंतचा दम माझ्यात होता, आणि मला साताऱ्याला दिलं.

आबा सांगलीच्या दवाखान्यात पहाटे पाच वाजता गेले. मला फोन आला साडेदहाला. उदय म्हणाला, "आक्का, आबा गेले. ये." मी सातारा स्टँडवर धावत गेले, मिळाली ती गाडी धरली, कराडपासून उभी होते. गावात पोचले तेव्हा शेवटची माणसं नदीवरून परत येत होती. ओल्या केसांची, टॉवेल खांद्यावर. सकाळी दहालाच अग्नी दिला होता. म्हणजे मला फोन आला तेव्हा आबा जळत होते. शेजारची बनाबाई, आईच्या वयाची, मला परड्यात नेऊन तोंडाला पदर लावून सांगत बसली, की कुणीतरी म्हणालं होतं संयोगिता येऊ दे, तर उदयसिंह म्हणाला, आक्का आली की मढ्यासमोर वाटणीचं काढंल, आधी उरकू. त्याच्या दोन महिने आधी तो हक्कसोडीचा कागद घेऊन माझ्याकडे आला होता. बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावानं साडीचोळी करायची, माहेर राहतं, अशी आमच्याकडची रीत. मी एवढंच म्हटलं होतं की आबा बरे होऊ देत, त्यांना विचारून करू. यात वाटणी कुठं आली? तेराव्याला त्यानं तोच कागद परत पुढं केला. आणि मी सही केली. कशी केली, तर रागानं. तुझ्या जमिनीवर थुंकते मी, हे सांगायचं होतं मला, ते बोटांत उतरलं आणि कागदावर फक्त माझं नाव उमटलं. पेन आपटलं तर शाई उडाली, तीही कुणाला दिसली नाही. जमलेले पाहुणे म्हणाले, बहीण असावी तर अशी. भावजयीनं कुंकू लावलं. हिरवी साडी माझ्या ओटीत पडली आणि मी ती घेतली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा राग, आणि आख्ख्या गावानं त्याला माया समजून मला नमस्कार केला. ती साडी मी उघडलेली नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी साडेसहाला पोलीस मैदानावरून सुटलो तेव्हा माझ्या मागं अकरा जण होते. धुकं होतं, बरं वाटत होतं. समर्थ मंदिरापर्यंत मी किती सावकाश पळतेय म्हणून मला स्वतःची लाज वाटत होती, लोक पुढं जात होते, आणि प्रत्येक पुढं जाणाऱ्या पाठीमागं माझे पाय ओढ घेत होते. मी धरून ठेवले. घाट लागला. मागून मिस्बाहचा श्वास ऐकू येत होता, दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर, मशीनचं पायडल मारावं तसा एका लयीत. पाचवा किलोमीटर आठ बावन्न. सहावा आठ एकोणपन्नास. एक मुलगा मागून म्हणाला, मॅडम गाणं म्हणा की, आणि कोणीतरी हसलं, आणि मला चक्क मजा वाटली. हे मी कबूल करते कारण पुढं जे झालं ते माहीत असताना हे लपवणं बरोबर नाही. सातव्या किलोमीटरपर्यंत मी सुखात होते. एका वळणावर पहिल्यांदाच खाली बघितलं, धुक्यातून शहराचा एक तुकडा दिसत होता, गच्च्या, निळ्या टाक्या, आणि मनात आलं की हे एवढं जवळ आहे होय.

सातव्या किलोमीटरच्या पाटीपाशी पुढं दहा-पंधरा भगव्या टीशर्टांचा एक घोळका दिसला. सांगलीचा ग्रुप. सगळ्यांच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत एकच मजकूर छापलेला होता. कै. नाथाजी यांच्या स्मरणार्थ. खाली आबांचा फोटो. तोच, शेतकरी मेळाव्यातला, फेटा बांधलेला, ज्यात ते कॅमेऱ्याकडे बघून चिडल्यासारखे दिसतात. पंधरा आबा माझ्यापुढं घाट चढत होते. घामानं ओले झालेले, चुरगळलेले, कुणाच्या पाठीवर गाल आत गेलेले. आणि सगळ्यात मागं, जरा लंगडत, एक रुंद झालेली पाठ. ती मी कुठूनही ओळखली असती. मी परकर खोचून त्या पाठीमागं सहा वर्षं पळालेय. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, तर ती खरंच पायातूनच निघते. ज्या माणसानं मला आबांचा चेहरा बघू दिला नाही, तो आबांचा चेहरा पाठीला चिकटवून माझ्या घाटात आला होता. माझ्या. गुरुवारचा फोन यासाठी होता तर, येतोय म्हणून सांगायला. मला आठवत नाही मी कधी वेग वाढवला. मला एवढंच आठवतं की घड्याळ थरथरत होतं आणि मी त्यावर दुसऱ्या हाताची मूठ आवळली. मागून कुणीतरी "मॅडम, ओ मॅडम" म्हणालं. झेंडा पाठीवर फडफडत होता, त्याचा आवाज मला येत होता, आणि तो आवाज मला छान वाटत होता. दम किती पुरेल वगैरे काही नाही. बांध तर बांध.

नवव्या किलोमीटरला मी त्याला गाठलं. त्याच्या बरोबरीला आले, काय बोलायचं ते तीन वर्षं पाठ होतं, वर्गात, अंघोळ करताना, भाजी चिरताना घोकलेलं. त्यानं मान वर केली नाही. तो रस्त्याकडे बघत चालत होता, तोंड उघडं, ओठ पांढरे. त्याला माझ्या झेंड्याची काठी तेवढी दिसली असावी. म्हणाला, "ओ ताई, तुमच्या मागनं येऊ का? माझ्याच्यानं एकट्याच्यानं हुईना झालंय." मी थांबले. तोही थांबला. मग त्यानं बघितलं.

"आक्का," तो म्हणाला.

मी घड्याळ बघितलं. ठोके एकशे एकोणऐंशी. आणि त्याच्या शेजारी दुसरा आकडा, की मी ठरल्या वेळेच्या दोन मिनिटं चाळीस सेकंद पुढं आहे. मागं वळले. माझ्या मागं रस्ता होता. बस नव्हती. वळणावर दोघं दिसत होते, कंबरेवर हात ठेवून चढणारे, त्यांच्यामागं धुकं. दोन मिनिटं चाळीस सेकंद भरून काढायला एकच उपाय होता, उभं राहणं. मी घाटाच्या मधोमध पाठीवर झेंडा घेऊन उभी राहिले. एवढी चपळाई करून मी दोन मिनिटं चाळीस सेकंद कमावले, आणि ते त्याच माणसाशेजारी उभं राहून घालवायची पाळी आली. तो कठड्याला टेकला. त्याच्या दाढीत पांढरं आलं होतं. म्हातारा दिसत होता, आबांसारखा नाही, असाच कुणीतरी म्हातारा.

मी घोकलेलं सगळं सोडून भलतंच विचारलं. "फोन साडेदहाला का केलास?"

"पाचला हातात घेतलावता," तो म्हणाला. "तुजं नाव काढलं. मग ठिवला."

"का?"

"भ्यालो."

"मला? का वाटणीला?"

"दोन्हीला. काय खोटं बोलू आता."

मला वाटलं होतं तो म्हणेल तसं काही नव्हतं, बनाबाईचं काय ऐकतेस. त्यावर मी काय म्हणणार तेही पाठ होतं. हे माझ्या पाठांतरात नव्हतं. मग मी तो प्रश्न विचारला, जो तीन वर्षांत मी घोकलासुद्धा नव्हता, कारण तो मला माझ्यापाशीही काढायचा नव्हता. "आबांनी माझं विचारलं होतं?"

"व्हय," उदय म्हणाला. "दोनदा."

तो नाही म्हणू शकला असता. नाही म्हणाला असता तर मी त्याला ओळखलं असतं आणि माझं काम सोपं झालं असतं. दोनदा. म्हणजे एकदा विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून परत विचारलं. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली, खरंच, हात उचलला गेला असता. आणि तेवढ्यात वळणावरून माणसं यायला लागली. माझी माणसं. एकेकटी, फुटलेली. तो गाणं म्हणा म्हणणारा मुलगा आला, त्याचा चेहरा पडलेला. मग अजून तिघं. मग दोघी. सगळे येऊन माझ्यापाशी उभे राहिले. सगळ्यात शेवटी मिस्बाह. एक हात बरगडीखाली दाबलेला, स्कार्फ सुटून गळ्यात आलेला, आणि तो लयीतला श्वास गेला होता, नुसती धाप होती. ती माझ्यापाशी थांबली नाही. मला वळसा घालून पुढं गेली, आणि जाताना म्हणाली, "चला. उभं राहून काय हुतंय."

मी पळायला लागले. काटेकोर, सेकंदासकट. वरचं वळण घेतलं, पठारावरचा वारा अंगावर आला, उताराला लागलो. सहा पन्नास, सहा बावन्न, सहा एकोणपन्नास. गणित परत जागेवर बसलं. मागं पावलांचा आवाज होता, त्यात एक लंगडं पाऊल होतं, ते कुणाचं आहे ते बघायला मी वळले नाही. तो माझ्या मागून येत होता, मी त्याला ये म्हटलं नव्हतं आणि जा म्हटलं नव्हतं. पेसरला कुणाला मागं येऊ नको म्हणता येत नाही. डोक्यात एकच शब्द होता, दोनदा, आणि तो पावलाला पाऊल लागून येत होता. सतराव्या किलोमीटरला मिस्बाहचा आवाज मागं पडला. मी कान देऊन होते म्हणून कळलं. मान वळवून बघितलं तर ती वीस पावलं मागं. नजर झेंड्यावर. मला थांबता येत नव्हतं. मागं अजून सहा-सात जणं होती, त्यांना वेळेत न्यायचं होतं, त्यांनीही तोच झेंडा धरला होता. "मिस्बाह, चल," मी ओरडले. तिनं हात हलवला, पुढं जा असा. वीस पावलांची चाळीस झाली. बोगदा गेला, समर्थ मंदिर गेलं, पोवई नाक्याच्या अलीकडे वळून बघितलं तर गर्दीत तिचा स्कार्फ दिसेना.

दोन चव्वेचाळीस एक्कावन्नला मी दोरी ओलांडली. जयराज सर तिथं हातात शिट्टी घेऊन उभे होते. घड्याळाकडे बघून म्हणाले, "बाई, एकदम काट्यावर." सरासरी बरोबर होती. मधे मी काय केलं ते सरासरीत दिसत नाही, हे मी दर वर्षी आठवीच्या पोरींना शिकवते. माझ्यामागून सात जण आले. सातवा उदय, दोन चव्वेचाळीस अठ्ठावन्न, आणि तो तिथंच गवतावर आडवा झाला. मी वळून मोठ्या घड्याळाकडे तोंड करून उभी राहिले. दोन पंचेचाळीस. पाच सेकंद. दहा. वीस. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. तीस. मिस्बाह आली तेव्हा चौतीस झाले होते. ती आली, चार पावलं चालली, खाली बसली, आणि बुटाची नाडी सोडायला लागली.

"किती?" तिनं विचारलं.

"दोन पंचेचाळीस चौतीस."

"चौतीस," ती म्हणाली. गाठ सुटत नव्हती तिला, बोटं थरथरत होती. मला फळ्यावरची ती टिंबं आठवली. "मॅडम, सातव्याला तुमी पळालासा ना, तवा मला वाटलं मीच मागं पडले. वाटलं झेंडा बरोबर हाय, माझंच काय तरी चुकतंय. म्हणून जोर लावला. दीड किलोमीटर लावला. तितंच संपले मी."

मी तिच्यापुढं बसले. तिची नाडी सोडायला हात पुढं केला तर तिनं पाय ओढून घेतला. आणि नेमका त्याच वेळेला उदय आला, दोन हातांत दोन केळी घेऊन, गळ्यात पदक, चेहरा फुललेला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "आक्का," तो म्हणाला, "तुज्यामुळं आलो बघ मी वेळेत. आबा असते तर लय खूश झाले असते."

मी उठले. तीन वर्षांचं जे होतं ते सगळं बाहेर आलं, पण आबांबद्दल नाही, जमिनीबद्दल नाही. मी त्याला म्हटलं, ही जी वेळ गळ्यात घालून फिरतोस ती हिची आहे. हिची वेळ खाऊन आलायस तू. आयुष्यभर दुसऱ्याचंच घेत आलास. मी ओरडत होते, आजूबाजूची माणसं बघत होती, घड्याळ थरथरत होतं, आणि उदय केळी धरून उभा होता, त्याला कळतच नव्हतं आपण काय घेतलं. तो मिस्बाहकडे बघायला लागला.

मिस्बाह खाली बसल्या बसल्या म्हणाली, "त्यांना कशाला बोलताय मॅडम. झेंडा काय त्यांच्या पाठीला हुता?"

काठीचे बंद अजून माझ्या छातीवर आवळलेले होते. ते सोडले. मिस्बाहनं शिवलेला झेंडा, चारी कडांना दुहेरी टीप, कुठं धागा सुटला नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माझं." हे वाक्य मी कधी कुणापुढं म्हटल्याचं मला आठवत नाही, वर्गात तर नाहीच, साक्षीपुढंही नाही. वाईट चव होती त्याची. मिस्बाहनं मान डोलावली, ते ठीक आहे अशी नाही, ऐकलं एवढीच. उदयनं एक केळं तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं, सोललं आणि खाल्लं, कारण भूक लागली होती.

पुढच्या रविवारी मी साडेपाचलाच बोगद्यापाशी जाऊन उभी राहिले. ती येईल असं वाटलं नव्हतं. आली. मी काही बोलायच्या आत तिनं झेंडा काढला, तोच, काठीसकट, आणि स्वतःच्या पाठीला बांधायला घेतला. म्हणाली, "पुढल्या वर्षी आदी दोन पंचेचाळीस करायचं. मंग त्याच्या पुढल्या वर्षी झेंडा. त्या आठजणींना सांगितलंय, थांबा म्हणून. तवर शिकून तर ठिवते. तुमी मागनं या." आणि मी मागून गेले. तिचा चढाचा वेग नऊ वीस. माझ्या पायांना तो वेग म्हणजे छळ होता, प्रत्येक वळणावर पाय पुढं जायला बघत होते, मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. झेंड्याकडे बघत राहिले. सहा पावलं पुढं, हिरव्या कुडत्यावर, दोन पंचेचाळीस. मला इतकं मागं राहून पळायची सवय तीस एक वर्षांपूर्वी मोडली होती, आणि तेव्हा पुढची पाठ मागं वळून बघत नव्हती. मिस्बाह दर शंभर पावलांनी वळून बघत होती.

तिसऱ्या वळणावर कंबरेच्या पट्ट्यात फोन थरथरला. मनगटावर नाव आलं, उदयसिंह, आणि खाली ठोके, एकशे बावन्न. आता हा चढ आहे की राग, हे घड्याळाला सांगता येणार नव्हतं. मला येत होतं. दोन्ही होतं. मी पळता पळता फोन कानाला लावला. मी म्हटलं, "उदय, मी घाटात हाय. तासाभरानं कर, मी उचलते. आबांनी दोनदा काय विचारलं ते जसंच्या तसं सांगायचं, एक शब्द गाळायचा न्हाई. माझा राग गेलेला न्हाई, ते डोक्यातून काढून टाक. पण तू सांगायचं." तो म्हणाला, "व्हय आक्का." मी फोन पट्ट्यात खुपसला. मान वर केली तर झेंडा वळणाआड गेला होता.

"मॅडम," वळणापलीकडून मिस्बाहचा आवाज आला. "मागं पडलासा."

मी पाय उचलले.